अडीच गोलांचा इतिहास

गोल अर्धा होत नाही. चेंडू रेषेच्या पूर्ण पलीकडे गेला किंवा गेला नाही, यापेक्षा अधिक काही पंचाला सांगता येत नाही. असे असताना फुटबॉलवरील पैजेत सर्वांत ओळखीचा आकडा नेमका ‘अडीच’ कसा झाला, हा प्रश्न मला प्रथम एका विद्यार्थ्याने विचारला. पदवीच्या दुसऱ्या वर्गाला मी प्वासाँ वितरण शिकवत होतो. आमची मुले त्याचा उच्चार ‘पॉयझन’ असा करतात आणि तेवढ्यावरून वर्गात दरवर्षी एकदा हशा पिकतो. हशा ओसरल्यावर मागच्या बाकावरून हा मुलगा म्हणाला, “सर, ओव्हर टू पॉइंट फाइव्हचं गणित यावरूनच करतात ना?” मला आनंद झाला. फळ्यावर चार ओळींत मी त्याला ते गणित करून दाखवले.

पुढे काही महिन्यांनी कळले की त्याने परीक्षेचे शुल्क भरलेलेच नाही. ते पैसे अडीच गोलांवर गेले होते. त्याची वही मी पाहिली. संघांची नावे, मागील पाच सामन्यांतील गोल, सरासरी, संभाव्यता, सारे नीट रेखलेले होते. “सर, गणित बरोबर होतं,” तो म्हणाला. आणि खरोखरच, एकही गुणाकार चुकलेला नव्हता. मी त्याला उत्तर दिले होते, पण अर्धेच. उरलेले अर्धे आज लिहितो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केल्यापासून ‘हे कौशल्य की नशीब’ या प्रश्नावर देशभर पुष्कळ बोलले जात आहे. त्या प्रश्नाला एक वैज्ञानिक इतिहास आहे, आणि तो या एका आकड्यातून फार स्पष्ट दिसतो.

प्रथम पैजेचे स्वरूप समजून घेऊ. कोण जिंकेल, कोण हरेल याच्याशी तिला कर्तव्य नसते. दोन्ही संघांचे मिळून किती गोल झाले, एवढेच मोजायचे. तीन किंवा अधिक झाले तर ‘ओव्हर’ म्हणणारा जिंकला. दोन, एक किंवा शून्य झाले तर ‘अंडर’ म्हणणारा. सीमारेषा तीनवर ठेवली असती तर बरोबर तीन गोल झाल्यावर कोणीच जिंकले नसते आणि लावलेले पैसे परत करावे लागले असते. अर्ध्या गोलाने तो बरोबरीचा मार्ग बंद होतो. मोजणी सामान्यतः नव्वद मिनिटे व पंचाने वाढवून दिलेला भरपाईचा वेळ एवढ्यापुरती असते; जादा वेळेतील गोल आणि पेनल्टी शूटआउट धरत नाहीत. म्हणून २०२२च्या विश्वचषकाचा अंतिम सामना जगाच्या स्मरणात ३-३ असा असला, तरी पैजेच्या वहीत तो २-२, म्हणजे चार गोलांचा. २०१० आणि २०१४चे अंतिम सामने तर त्या वहीत शून्य गोलांचेच, कारण दोन्हींतला एकमेव गोल जादा वेळेत झाला.

आपल्या आजोबांच्या पिढीने शाळेत दिडकी, अडीचकी, औटकी पाठ केली. अपूर्णांक हे त्यांच्या दृष्टीने बाजारहाटाचे साधन होते. पैजेतला अडीच हा वेगळ्या जातीचा आकडा आहे. तो कशाचेही माप नाही. तो दोन पूर्णांकांच्या मध्ये घातलेला बांध आहे. बांध नेमका तिथेच का घातला गेला, हे समजण्यासाठी तीनशे वर्षे मागे जावे लागते.

अब्राहम द म्वाव्र हा फ्रान्समधून परागंदा झालेला प्रॉटेस्टंट गणिती लंडनमध्ये शिकवण्या करून आणि जुगाऱ्यांना सल्ला देऊन पोट भरत असे. १७११ मध्ये त्याने संभाव्यतेवरील एक लॅटिन निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक प्रयत्नात यशाची शक्यता फार थोडी, पण प्रयत्न पुष्कळ, अशा स्थितीत काय घडते, याचे सूत्र त्यात दडलेले होते. त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १८३७ मध्ये सिमेओं-देनी प्वासाँ याने फौजदारी व दिवाणी निवाड्यांच्या संभाव्यतेवर मोठा ग्रंथ लिहिला. ज्यूरीचा निर्णय किती विश्वासार्ह मानावा हा त्याचा विषय होता. तेच सूत्र तेथे पुन्हा अवतरले, तेही ओझरते. नाव मात्र त्याचे चिकटले.

सूत्राचा आशय सोपा आहे. एखादी घटना विरळ असेल, एक घडल्याने दुसरी घडण्याची शक्यता बदलत नसेल, आणि घडण्याचा सरासरी वेग ठाऊक असेल, तर शून्य वेळा, एकदा, दोनदा, तीनदा घडण्याची संभाव्यता केवळ त्या एका सरासरीवरून काढता येते. दुसरे काहीही लागत नाही. हीच त्याची मोहिनी, आणि हाच त्याचा धोका.

या सूत्राला प्रसिद्धी मिळाली ती घोड्यांच्या लाथांमुळे. सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेल्या लाडिस्लाउस बोर्टकेविच याने १८९८ मध्ये ‘लहान संख्यांचा नियम’ या आपल्या पुस्तिकेत प्रशियाच्या घोडदळात लाथेने मेलेल्या सैनिकांची मोजणी मांडली. दहा कोअर आणि वीस वर्षे, अशा २०० नोंदी. एकूण मृत्यू १२२. सूत्र सांगते की यांपैकी सुमारे १०९ नोंदींत एकही मृत्यू नसावा, ६६ नोंदींत एक आणि २० नोंदींत दोन. प्रत्यक्षात १०९, ६५ आणि २२ निघाल्या. एखाद्या वर्षी एखाद्या तुकडीत चार सैनिक गेले, तर तेथील घोडे माजले किंवा अधिकारी नालायक निघाले असे कोणालाही वाटले असते. बोर्टकेविचने दाखवले की असे एखादे वाईट वर्ष निव्वळ यदृच्छेनेही येतेच.

१९४६ मध्ये आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने हाच प्रश्न दक्षिण लंडनवर पडलेल्या जर्मन उडत्या बाँबना विचारला. काही मोहल्ल्यांवर मारा वारंवार होतो, म्हणजे शत्रू नेम धरतो आहे, अशी लोकांची खात्री होती. क्लार्कने १४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश पाव-पाव चौरस किलोमीटरच्या ५७६ चौकटींत विभागला आणि ५३७ बाँब मोजले. एकही बाँब न पडलेल्या चौकटी २२९ होत्या. सूत्राने अपेक्षित होत्या सुमारे २२७. एक बाँब पडलेल्या २११, अपेक्षाही २११चीच. नेम धरल्याची कोणतीही खूण या आकड्यांत नव्हती. ज्या चौकटीवर चार बाँब पडले, तिथल्या माणसांना मात्र हे पटवून देणे कठीण होते. यदृच्छा एकसारखी पसरत नाही. तिच्यात स्वभावतःच पुंजके असतात, आणि पुंजका दिसला की मानवी मन हेतू शोधू लागते. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत ‘हा संघ सध्या गोलांच्या लाटेवर आहे’ असे एके ठिकाणी लिहिले होते. ती लंडनकरांचीच समजूत होती.

आता फुटबॉलकडे येऊ. गोल ही विरळ घटना आहे. नव्वद मिनिटांत शेकडो वेळा चेंडू इकडून तिकडे दिला जातो, डझनावारी फटके मारले जातात, आणि गोल होतात दोन किंवा तीन. पुष्कळ प्रयत्न, थोडे यश: प्वासाँचे सूत्र लागू होण्यासाठी याहून अनुकूल खेळ शोधूनही सापडणार नाही. क्रिकेटमध्ये धावा इतक्या होतात की तेथे हे सूत्र निरुपयोगी ठरते.

ब्रिटनमध्ये फुटबॉलवर पैसे लावण्याची प्रथा जुनी होती. १९२३ मध्ये लिव्हरपूलच्या लिटलवुड्स या कंपनीने ‘पूल’ची पत्रके विकण्यास आरंभ केला, आणि पुढील काही दशकांत आठवड्याचे पत्रक भरणे हा लाखो कामगार कुटुंबांचा परिपाठ झाला. पूलमध्ये कंपनीला संभाव्यता काढण्याची गरज नसते. सर्वांचे पैसे एकत्र करायचे, आपला हिस्सा काढून घ्यायचा आणि उरलेले अचूक ठरलेल्यांत वाटायचे. निकाल काहीही लागो, कंपनी बुडत नाही. ठरावीक भावाची पैज मात्र निराळी. तेथे बुकी आधीच सांगतो की तुम्ही जिंकलात तर एका रुपयाचे इतके देईन. भाव चुकला तर तो स्वतः बुडतो. १९६० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये पैजेच्या दुकानांना परवानगी दिली आणि मे १९६१ पासून ती उघडली. ठरावीक भावाचा व्यवहार जसा वाढला, तसा गोलांचे अचूक गणित मांडण्याला पैशाचे मोल आले.

गणित मात्र आधीच सुरू झाले होते. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन येथे एका सामन्याच्या मध्यंतरात चार्ल्स रीप या हवाई दलातील अधिकाऱ्याने खिशातून वही-पेन्सिल काढली आणि उत्तरार्धातील प्रत्येक चढाई चिन्हांनी टिपली. पुढील अनेक वर्षे तो हेच करत राहिला. १९५१ मध्ये मोरोनी या लेखकाने सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या संख्याशास्त्राच्या पुस्तकात फुटबॉलमधील गोलांवर प्वासाँचे सूत्र लावून पाहिले आणि ते जवळपास बसते, पण पुरते बसत नाही असे दाखवले. फार थोड्या आणि फार जास्त गोलांचे सामने सूत्राच्या अपेक्षेपेक्षा किंचित अधिक भरतात. कारण उघड आहे: सगळे संघ सारखे नसतात. काही सामन्यांची सरासरी मुळातच दोन असते, काहींची साडेतीन, आणि सारे एकत्र मिसळले की पसारा वाढतो. असाच प्रकार १९२० मध्ये ग्रीनवुड आणि यूल यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांतील स्त्री-कामगारांच्या अपघातांत पाहिला होता. मोरोनीने सुचवलेली दुरुस्ती त्याच वळणाची होती.

१९६८ मध्ये रीप आणि संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांनी फुटबॉलमधील कौशल्य आणि यदृच्छा यांवर निबंध प्रसिद्ध केला. मैदानावरील क्षणोक्षणीच्या घडामोडींत यदृच्छेचा वाटा प्रचंड आहे, असा त्याचा सूर होता. त्याला उत्तर मिळाले १९७४ मध्ये. हिल या संशोधकाने हंगामापूर्वी तज्ज्ञांनी वर्तवलेले क्रम आणि हंगामाअखेरचा प्रत्यक्ष तक्ता ताडून पाहिले आणि दोहोंत स्पष्ट संबंध दाखवला. संपूर्ण हंगाम पाहिला तर कौशल्य उमटतेच. एकच सामना पाहिला तर यदृच्छा ते झाकून टाकते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. आपल्याकडील आजचा सारा वाद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालू आहे.

१९८२ मध्ये माहेर याने पुढचे पाऊल टाकले. सर्व सामन्यांना एक सरासरी लावण्याऐवजी त्याने प्रत्येक संघाला आक्रमणाचे आणि बचावाचे स्वतंत्र माप दिले. यजमान संघाचे अपेक्षित गोल म्हणजे त्याचे आक्रमण आणि पाहुण्यांचा कच्चा बचाव यांचा गुणाकार, पाहुण्यांचे तसेच. अशा रीतीने एका संघाची सरासरी १.५ आणि दुसऱ्याची १.२ निघाली, तर एकूण गोलांची सरासरी २.७, आणि दोन स्वतंत्र प्वासाँ संख्यांची बेरीजही प्वासाँच असते. म्हणजे एकूण गोलांच्या पैजेला निकालाच्या पैजेपेक्षा कमी माहिती पुरते. १९९७ मध्ये मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी या प्रतिरूपात दोन दुरुस्त्या केल्या. ०-०, १-०, ०-१ आणि १-१ या निकालांची संभाव्यता जरा बदलून घेतली, कारण तेथे दोन्ही संघांचे गोल परस्परांपासून पुरते स्वतंत्र नसतात. आणि जुन्या सामन्यांना नव्यांपेक्षा कमी वजन दिले. बुकींचे तेव्हाचे भाव काही ठिकाणी ढिले आहेत आणि त्यांतून लाभ काढता येईल, असेही त्यांनी दाखवले. निबंध उघड छापला गेला होता. तो खेळणाऱ्यांनी वाचला, तसा भाव ठरवणाऱ्यांनीही वाचला. द म्वाव्रपासून निघालेले सूत्र न्यायालय, घोडदळ आणि बाँबवर्षाव यांतून फिरून पुन्हा जुगाराच्या दारी आले होते, पण आता ते मेजाच्या दोन्ही बाजूंना बसले होते.

या कथेत भारताचाही एक धागा आहे. १९३१ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. तेथील सी. आर. राव आणि आय. एम. चक्रवर्ती यांनी १९५६ मध्ये ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्याचा विषय होता, हाती थोडेच आकडे असताना ते प्वासाँच्या नियमाने चालतात की नाही हे कसे तपासावे. योगायोग असा की त्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ उपांत्य फेरीत पोहोचला होता. ऑस्ट्रेलियावर ४-२ असा विजय, त्यात गोव्याच्या नेव्हिल डिसोझाचे तीन गोल. मग युगोस्लाव्हियाकडून १-४ आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ०-३ अशी हार. तीन सामने, चौदा गोल. तिन्ही सामने आजच्या भाषेत ‘ओव्हर’. आज कोणी हे आकडे पाहून म्हणेल की भारताचे सामने गोलांनी भरलेले असतात, डोळे मिटून ओव्हर लावा. पण सहा, पाच, तीन या संख्यांतील चढउतार नेहमीच्या कसोटीने मोजला तर तो यदृच्छेने अपेक्षित असतो तितपतच निघतो. तीन सामन्यांत कोणताही गुपित नियम दिसत नाही; तीन सामन्यांत तो दिसूही शकत नाही.

शिवाय त्या काळी गोलच जास्त होत. १९५४च्या विश्वचषकात २६ सामन्यांत १४० गोल झाले, सरासरी पाचाहून अधिक. १९९०च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत ११५, म्हणजे जेमतेम २.२. अडीच हा निसर्गाने दिलेला स्थिरांक नाही. खेळाची रचना, बचावाचे तंत्र आणि नियम बदलले की गोलांची सरासरी बदलते आणि तिच्यामागे बांधही सरकतो.

मग तो हल्ली अडीचवर का? इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०१५-१६चा हंगाम घ्या. ३८० सामने, १,०२६ गोल, सरासरी २.७. सूत्रात २.७ घातले की शून्य गोलांची संभाव्यता सुमारे ६.७ टक्के, एका गोलाची १८.२, दोनांची २४.५. बेरीज ४९.४ टक्के. म्हणजे दोन किंवा कमी गोल होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी, तीन किंवा अधिकची उरलेली निम्मी. सरासरी २.७च्या आसपास असली की अडीचचा बांध सर्व सामन्यांना बरोबर दोन भागांत कापतो. बुकीला हवे असते ते हेच: नाणेफेकीसारखी स्थिती, जिच्यात दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक मिळते. २०२३-२४च्या हंगामात त्याच लीगमध्ये १,२४६ गोल झाले, सरासरी ३.२८. तीच रीत लावली तर ओव्हरची संभाव्यता सुमारे ६४ टक्के होते. अशा वेळी ओव्हरचा भाव उतरतो, किंवा बांधच वर, औटाकडे, सरकवला जातो.

येथे माझ्या अर्ध्या उत्तराची उणीव ध्यानात येते. मी विद्यार्थ्याला संभाव्यता काढायला शिकवले. पण तीच संभाव्यता भाव ठरवणाऱ्याने आधीच काढलेली असते, आणि तीही पाच सामन्यांवरून नव्हे तर हजारो सामन्यांवरून. अडीचचा बांध जिथे उभा आहे तिथे उपलब्ध ज्ञान संपते. बांधाच्या अलीकडचे सारे भावात मुरलेले असते. पलीकडे उरते ती यदृच्छा.

पाच सामन्यांची सरासरी किती फसवी असते, तेही पाहू. खरी सरासरी २.७ असलेल्या संघाच्या पाच सामन्यांत एकूण साडेतेरा गोल अपेक्षित, पण त्यांत साडेतीन-पावणेचार गोलांचा चढउतार अगदी साधारण. त्यामुळे पाच सामन्यांची सरासरी ३.४ किंवा त्याहून वर जाणे दर पाचांत एकदा निव्वळ योगायोगाने घडते. वहीत ३.४ लिहिणाऱ्याला ओव्हरची संभाव्यता ६६ टक्के दिसते; ती असते ५१. मुलाचे गणित बरोबर होते, गणिताला दिलेला आकडा कच्चा होता.

आणि समजा तोही पक्का असता? निम्म्या-निम्म्या शक्यतेच्या पैजेवर न्याय्य भाव म्हणजे शंभराचे दोनशे. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना, उदाहरणार्थ, १९० मिळतात. मधले दहा रुपये हा घरमालकाचा हिस्सा. शंभर रुपयांच्या प्रत्येक पैजेमागे सरासरी पाच रुपये जातात, मग तुम्ही ओव्हर म्हणा वा अंडर. हे पाच रुपये डोळ्यांना दिसत नाहीत, कारण चढउतार त्यांच्या कितीतरी पट मोठा असतो. अशा शंभर पैजा लावणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३१ जण शंभराव्या पैजेनंतरही फायद्यात असतात. हे एकतीस जण मित्रांना सांगतात, पडद्याची चित्रे पाठवतात, स्वतःला अभ्यासू समजतात. पैजा हजारावर गेल्या की त्या शंभरांतले पाचही फायद्यात उरत नाहीत. बोर्टकेविचच्या तुकड्यांत जसे एखादे वाईट वर्ष यदृच्छेने येते, तसेच एखाद्या खेळणाऱ्याला एखादे चांगले वर्षही. त्याला कौशल्य समजणे ही या व्यवहाराची खरी इंधनशक्ती आहे.

आपल्या कायद्याने या प्रश्नाशी दीड शतक झुंज घेतली. १८६७च्या सार्वजनिक जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात जुगाराला घटनेने संरक्षिलेला व्यापार मानण्यास नकार दिला. रीप आणि बेंजामिन आपला निबंध सिद्ध करत होते त्याच सुमारास आपल्या न्यायालयाने रमीत कौशल्याचा वाटा प्रधान असल्याचे म्हटले, आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीलाही कौशल्याच्या बाजूला ठेवले. कसोटी होती ‘प्राधान्य कशाचे’. ऑनलाइन पैजेने ती कसोटी अपुरी पाडली. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच बाजूला सारला: कौशल्य असो, यदृच्छा असो वा दोन्ही, असा खेळ पुरवणे आणि त्याची जाहिरात करणे गुन्हा ठरवले. बंदीने प्रश्न सुटतो की तो चोरवाटांनी जातो, यावर मतभेद असू शकतात. मला मात्र वाटते, संख्याशास्त्राने १९७४ मध्येच दिलेले उत्तर आपण नीट ऐकले नाही. कौशल्य फुटबॉलमध्ये आहेच. ते मैदानावरच्या बावीस जणांत आहे. अडीच गोलांवर पैसे लावणाऱ्याच्या वाट्याला त्यातले जे यायचे ते भावात आधीच वजा झालेले असते.

ऋग्वेदातील अक्षसूक्तात द्यूतात सर्वस्व गमावलेला माणूस बोलतो. महाभारतात नलाला राज्य घालवल्यावर ऋतुपर्ण राजा भेटतो, जो बेहड्याच्या झाडाची पाने-फळे फांदीवरून अजमावतो आणि ज्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, अवगत असते. नल ते शिकतो आणि राज्य परत जिंकतो. त्या कथेत मर्म एकाच बाजूला ठाऊक असते. आजच्या मांडणीत ते समोरच्याला आपल्याआधी ठाऊक असते आणि वर प्रत्येक डावातले पाच टक्के त्याचेच असतात. नलाची कथा येथे लागू पडत नाही.

त्या मुलाने पुढच्या वर्षी परीक्षा दिली. शुल्काची सोय आम्ही काही शिक्षकांनी मिळून केली. तो ते हप्त्याहप्त्याने फेडतो आहे. आता प्वासाँ वितरण शिकवताना मी अडीच गोलांचे उदाहरण टाळत नाही, मुद्दाम घेतो. फक्त फळ्यावरच्या चार ओळींखाली पाचवी ओळ लिहितो: शंभराचे एकशेनव्वद. आणि मुलांनाच विचारतो, उरलेले दहा कोणाचे?